आधी दोर, मग झोळी!

मित्रांनो, तुम्ही कधी झोळीत झोपला आहात का? विचार करून सांगा बरं! बहुतेकांचं उत्तर ‘हो’ असंच येईल, फक्त तुम्हांला ते आठवत नसेल. आपल्या खानदेशात शेतावर कामाला आलेल्या आया बांधावरच्या निंबाला लुगड्याची झोळी बांधतात, तान्ह्या बाळाला तीत घालतात आणि निंदणीला लागतात. येता-जाता कुणीतरी एक झोका देतं आणि बाळ गाढ झोपतं. आमच्या फैजपूरकडे बोलताना ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून आमच्या आजीच्या तोंडी ती ‘झोयी’.

हीच झोळी थोडी मोठी केली, दोन झाडांच्या मधे टांगली आणि रात्रभर तीत झोपलं, की तिला हॅमॉक म्हणतात. हा शब्द फार लांबून आला आहे. १४९२ साली कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोचला, तेव्हा तिथले लोक जाळीच्या टांगत्या बिछान्यात झोपत होते. त्यांच्या भाषेत त्याला ‘हमाका’ म्हणत. पुढे युरोपातल्या खलाशांनी तो बिछाना जहाजावर नेला. जहाज डावी-उजवीकडे कललं तरी टांगलेला माणूस सरळच राहतो, खाली गडगडत नाही. आहे की नाही गंमत!

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण आम्हांला काय त्याचं? तर ऐका. फैजपूरच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. पायथ्याशी आंब्याची आणि निंबाची झाडं आहेत, वर सागाचं जंगल आहे. एक रात्र झाडाखाली झोपावं, पहाटे पाखरांच्या आवाजानं जागं व्हावं, असं कुणाला वाटणार नाही? तंबू महाग आणि जड. शिवाय डोंगरउताराची जमीन खडकाळ, विंचवा-किड्यांची भीती वेगळीच. झोळी मात्र जमिनीला टेकतच नाही, आणि घडी केली की शाळेच्या दप्तरात मावते.

अडचण येते ती खर्चाची.

कुणी मागे राहू नये म्हणून

मी फैजपूरचाच. माझा भाचा नववीत आहे. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत तो आणि त्याचे तीन मित्र माझ्याकडे आले. डिसेंबरात पायथ्याच्या आमच्या शेतात झोळ्या टांगून मुक्काम करायचं त्यांचं ठरलं होतं. एकानं मोबाईलवर पूर्ण संच शोधून ठेवला होता. त्यात झोळी, पट्टे, कड्या, जाळी, छप्पर, खालचं पांघरूण, सगळं आलं. किंमत ऐकून तिघं घरी विचारतो म्हणाले. चौथा काहीच बोलला नाही. त्याचे वडील केळीचे घड गाडीत भरायच्या कामावर जातात. त्या संचाची किंमत म्हणजे त्यांची कितीतरी दिवसांची मजुरी. थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, “मामा, मी नाही येत. मला उघड्यावर झोप येत नाही.”

झोप न येण्याचं कारण काय, ते आम्हां सगळ्यांनाच कळलं. पण कुणी तसं दाखवलं नाही. मी म्हटलं, “अरे, आधी काय घ्यायचं ते तर ठरवू. संच विकत घेणं म्हणजे दुकानदारानं आपल्यासाठी ठरवणं. आपण आपलं ठरवू या.”

तेवढ्यात ओट्यावर गहू निवडत बसलेली आजी म्हणाली, “पोराहो, झोयी कितीबी भारी आना, दोरी तुटली तं हाडं मोडतीन!”

झालं! आजीच्या त्या एका वाक्यातून आमची यादी निघाली.

तीन रकाने

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर तीन रकाने आखा. पहिल्यावर लिहा ‘पडेन’, दुसऱ्यावर ‘आजारी पडेन’, तिसऱ्यावर ‘कुरकुरेन’. आता एकेक वस्तू घ्या आणि स्वतःला विचारा: ही नसली किंवा वाईट निघाली, तर माझं काय होईल?

झाडाला बांधायचे पट्टे वाईट निघाले तर मी पडेन. झोळीचं कापड फाटलं तरी पडेन. खालून ऊब नसली तर रात्रभर कुडकुडून आजारी पडेन. मच्छरदाणी नसली तरी आजारी पडेन, कारण मलेरिया-डेंगू काही संच पाहून येत नाहीत. आणि पाण्याची बाटली अडकवायचा कप्पा नसला तर? कुरकुरेन, आणि पाच मिनिटांत विसरूनही जाईन!

पैसे याच क्रमानं खर्च करायचे. पहिला रकाना पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, आणि दुसरा पुरा झाल्याशिवाय तिसऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही. मजा अशी, की दुकानात सगळ्यांत चमकदार दिसतं ते बहुधा तिसऱ्या रकान्यातलंच असतं.

पट्टे : इथे काटकसर नको

पहिला खर्च पट्ट्यांवर. का, ते तुमच्या कंपासपेटीतला गुण्याच सांगेल.

झोळी दोन झाडांना बांधली, की दोन्ही बाजूंचे पट्टे जमिनीला समांतर नसतात. ते वरून खाली तिरके येतात. हा तिरकेपणा सुमारे ३० अंश असावा. तुमचं वजन ४० किलो असलं, तर ३० अंशांवर प्रत्येक पट्ट्यावर ४० किलोचाच ताण येतो. तुम्ही म्हणाल, झोळी ताठ ओढून बांधली तर जास्त छान. तर हिशेब बघा. पट्टा फक्त १० अंश तिरका ठेवला, तर एकेका पट्ट्यावरचा ताण होतो सुमारे ११५ किलो. ५ अंशांवर तो जातो जवळजवळ २३० किलोवर! माणूस तोच, वजन तेच, झाडंही तीच. ताठ बांधल्यामुळे नुसता ताण वाढला. म्हणून झोळी सैल, पोटाशी लोंबती बांधायची. ३०-६० अंशांचा गुण्या आडवा धरून पट्ट्याचा तिरकेपणा त्याच्या ३० अंशांच्या कोपऱ्याशी जुळतो का, ते पाहा. भूमिती अशीही उपयोगी पडते, बरं का!

शिवाय आपण झोळीत हळूच बसतो थोडेच? धपकन बसलो, की क्षणभर ताण दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होतो. म्हणून मी मुलांना नियम घालून दिला: प्रत्येक पट्टा आपल्या वजनाच्या निदान पाचपट भार झेलणारा हवा. गाडीतला माल आवळायला वापरतात ते पॉलिएस्टरचे पट्टे तुम्ही पाहिलेच असतील. चांगल्या पट्ट्यावर तो किती किलो झेलतो ते छापलेलं असतं. तो आकडा वाचा. छापलेलं नसेल तर तो पट्टा माल बांधायला ठेवा, स्वतःला टांगायला नको.

सुतळी, काथ्या, कपडे वाळत घालायची प्लास्टिकची दोरी यांतलं काहीही चालणार नाही. प्लास्टिकच्या दोरीची गाठ घसरते आणि ऊन खाऊन ती आतून कुजते. नायलॉनची दोरी मजबूत असते, पण ती ताणली जाते. रात्री गुडघ्याएवढ्या उंचीवर असलेले तुम्ही पहाटे जमिनीवर! घरात बाजेची जुनी नवार असेल तर मोह होईल, पण सुती नवार वर्षानुवर्षं वापरून विरलेली असते. ती झाडाच्या सालीवर गुंडाळायला अस्तर म्हणून घ्या, भार तिच्यावर टाकू नका.

किल्ल्यांना लावायची रंगीत कडी दिसायला गिर्यारोहकांच्या कडीसारखीच असते. तिच्यावरही भरवसा नको. कडी नसली तरी बिघडत नाही, चांगली गाठ फुकट असते.

पट्टा रुंद का हवा? झाडासाठी. झाडाचं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली उतरतं. बारीक दोरी वजनानं सालीत रुतते आणि तो थर चिरडते. पट्टा निदान एक इंच रुंद असावा, दोन इंच असला तर उत्तम. खाली गोणपाटाचा तुकडा घाला. आपल्याला रात्रभर उचलून धरणाऱ्याला एवढं तरी द्यायला हवं.

कापड : नवं हवं, भारी नको

पहिल्या रकान्यातली दुसरी वस्तू म्हणजे झोळी. नायलॉनची तयार झोळी हलकी असते आणि लवकर वाळते. साधी, बिनजाळीची, बिनकप्प्यांची घेतली तर तीच सगळ्यांत स्वस्त पडते. ती जमली नाही, तर जाड मांजरपाट किंवा कॅनव्हासचं नवं कापड घेऊन शिंप्याकडून दोन्ही टोकांना दुहेरी-तिहेरी शिवण मारून घेता येते. लांबी साधारण १० ते ११ फूट आणि रुंदी ५ फूट ठेवा. कापड तुमच्यापेक्षा बरंच लांब हवं, कारण झोळीत सरळ नाही, तिरपं झोपायचं असतं. डोकं एका कडेला आणि पाय दुसऱ्या कडेला केले, की पाठ सपाट होते आणि केळ्यासारखं वाकायला होत नाही.

लुगड्याची झोळी तान्ह्या बाळाला पुरते, तुम्हांला नाही. जुन्या लुगड्याचं सूत आतून जिरलेलं असतं आणि ते सांगून फाटत नाही.

बाजारात जाळीचे झोकेही मिळतात. उन्हाळ्यात दुपारी ते फार छान वाटतात, पण थंडीत त्यांच्या भोकाभोकांतून वारा पाठीला लागतो.

ऊब खालून हवी

आता दुसरा रकाना. जळगाव जिल्हा म्हटलं की लोकांना ४५ अंशांचा उन्हाळा आठवतो. पण डिसेंबर-जानेवारीत इथला पारा १० अंशांच्याही खाली उतरतो, हे आपल्यालाच ठाऊक! अशा रात्री झोळीत पांघरायला तुम्ही दोन रग घेतले तरी पाठ गार पडेल. का?

गोधडी स्वतः गरम नसते. तिच्या थरांत अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. आपण गोधडीवर झोपलो, की पाठीखालचा भाग दबतो, हवा निघून जाते आणि ऊबही जाते. वर झोळीच्या खालून वारा वाहतोच आहे. म्हणून पांघरुणाआधी खालच्या थराचा विचार करायचा.

यावर दोन उपाय आहेत. एक, न दबणारी फोमची चटई झोळीत घालायची. योगासनांची असली तरी चालेल. दुसरा उपाय आमच्या आजीचा. तिनं जुन्या गोधडीच्या चारी कोपऱ्यांना नाडीचे फासे शिवून दिले. ती गोधडी झोळीच्या आत नाही, तर बाहेरून, खालच्या बाजूला टांगायची. झोळीला लागून राहील, पण दबणार नाही, इतकीच घट्ट. मोबाईलवरच्या संचात जे ‘खालचं पांघरूण’ सगळ्यांत महाग होतं, ते हेच! आजीनं ते दुपारच्या चहाआधी शिवून टाकलं. शिवाय झोळीच्या पातळ कापडातून डास खालून चावतात, त्यांचाही बंदोबस्त झाला.

मच्छरदाणी मात्र विसरू नका. एका माणसाच्या खाटेची मच्छरदाणी घरात असतेच. झोळीच्या वर एक दोरी ताणा, तिच्यावर मच्छरदाणी सोडा, खालची टोकं एकत्र करून बांधा. खर्च शून्य.

छप्पर, आणि ऋतूचा हिशेब

छप्पर कुठल्या रकान्यात? ते ऋतूवर ठरतं. नोव्हेंबर ते मे आपल्याकडे आभाळ बहुधा कोरडं असतं. तेव्हा छपराविना नुसती कुरकुर होईल, तीही दव पडलं तर. पण अवकाळी पाऊस आणि गारा केळीवाल्यांना किती छळतात, ते तुम्ही पाहिलंच आहे. म्हणून शेतातला माल झाकायची ताडपत्री एका रात्रीपुरती मागून न्यायची. पट्ट्यावरून पाणी ओघळत झोळीत येतं. त्यासाठी झोळीच्या थोडं अलीकडे पट्ट्याला सुताचा एक तुकडा बांधून खाली सोडा. पाणी त्या सुतावरून टपटप खाली पडेल. पावसाळ्यात मात्र जंगलात मुक्काम नकोच. सातपुड्यातले नाले वर पाऊस झाला, की खाली ऊन असतानाही भरून येतात. नाल्याच्या पात्रात तर कोरड्या दिवसांतही झोळी टांगू नये.

रुपयाचे सोळा आणे

दर रोज बदलतात, म्हणून मी आकडे सांगत नाही, वाटणी सांगतो. जुन्या काळी रुपयाचे सोळा आणे असत. तुमच्याजवळचे सगळे पैसे म्हणजे एक रुपया समजा. त्यातले सहा आणे पट्ट्यांना, चार आणे झोळीला, तीन आणे खालच्या ऊबेला, दोन आणे मच्छरदाणीला आणि उरलेला एक आणा छपराला. जी वस्तू घरातच सापडेल, तिचे आणे वरच्या रकान्याकडे ढकला. खाली कधीच नाही.

त्या चौथ्या मुलाजवळ सातशे रुपये होते. त्यानं फक्त नवे पट्टे आणि कापड विकत घेतलं. गोधडी घरची, मच्छरदाणी घरची, ताडपत्री मागून आणलेली. आणि एक गोष्ट त्याला येत होती, जी आमच्या कुणाच्याही यादीत नव्हती. वडिलांबरोबर गाडी भरताना पाहून पाहून त्याला गाठी येत होत्या. भार आला की आवळणारी आणि काम झालं की एका ओढीत सुटणारी गाठ त्यानंच बाकीच्यांना शिकवली. ज्याच्याकडे भारी झोळी होती, त्याच्या संचात बारीक दोरी आली होती. ती आम्ही बाजूला ठेवली आणि त्यालाही पट्टे आणायला लावले.

आधी पोतं, मग पोर

पहिली रात्र जंगलात काढायची नाही, अंगणात काढायची. तिथे चूक झाली तर चार पावलांवर घर असतं. झोळी बांधली की आधी तीत धान्याचं भरलेलं पोतं झोपवा. तासाभरानं गाठ, शिवण आणि पट्टा बघा. मग घरातल्या सगळ्यांत वजनदार माणसाला हळूच बसू द्या. मग तुम्ही! बसल्यावर झोळी खुर्चीएवढ्या उंचीवर हवी, त्याहून वर नको. खाली दगड, खुंट, पाटा-वरवंटा काही नको.

झाड निवडतानाही डोळे उघडे ठेवा. आमच्या फैजपूर-सावद्याकडे जिकडे पाहावं तिकडे केळीच केळी. पण झोळी बांधायला त्यांतली एकही चालत नाही! केळीचं खोड म्हणजे लाकूड नव्हेच, एकमेकांवर गुंडाळलेली पानांची देठं ती. शेवग्याचं लाकूडही ठिसूळ, त्याच्या वाटेला जाऊ नका. आंबा, चिंच किंवा जुना निंब घ्या. दोन झाडांत १२ ते १५ फुटांचं अंतर असावं. वर वाळकी फांदी किंवा आग्या मोहोळ नाही ना, ते पाहा.

दुसरी रात्र शेतात, घरच्या मोठ्या माणसाबरोबर. आणि जंगलात जायचं तर वनविभागाची परवानगी घेतल्याशिवाय नाही. पाल इथून रस्त्यानं तासाभराच्या अंतरावर आहे, पण त्या बाजूला यावल अभयारण्य आहे. तिथलं घर प्राण्यांचं, आपण पाहुणे. पाहुण्यानं विचारूनच यावं.

आमच्या गावाची एक जुनी गोष्ट तुम्हांला ठाऊक असेल. डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचं अधिवेशन फैजपूरला भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते. गांधीजींचा आग्रह होता, की सगळी उभारणी खेड्यात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून व्हावी. शांतिनिकेतनचे मोठे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या सामानातून तिथली सजावट केली. मुलं ही गोष्ट ऐकत होती, तेव्हा आजी गोधडीला नाड्या शिवत होती. मी मुद्दाम काही जोडून सांगितलं नाही.

डिसेंबरात आम्ही चार झोळ्या आंब्याखाली टांगल्या. कुणाची निळी, कुणाची खाकी, एक मांजरपाटाची पांढरी. अंधार पडल्यावर रंग दिसेनासे झाले आणि चारही सारख्याच हलू लागल्या.

तर मित्रांनो, या रविवारी दुकानात जायच्या आधी एक कोरा कागद घ्या. तीन रकाने आखा. मग घरातली कपाटं, माळा आणि आजीची पेटी उघडा. तिसऱ्या रकान्यात काय काय गेलं, ते पाहून तुम्हांलाच हसू येईल. आणि पट्ट्यावरचा आकडा वाचायला मात्र विसरू नका!